मृताचा आवाज आणि वारसांची फिर्याद

मृत मनुष्याला कायद्याने एकच अधिकार शिल्लक ठेवला आहे, आणि तो म्हणजे एकदा, फक्त एकदाच, बोलण्याचा. हयातीत साक्षीदारांसमक्ष सही करून ठेवलेला दस्तऐवज उघडला जातो, वकील घसा खाकरून वाचू लागतो, आणि ज्यांनी त्या माणसाचे जन्मभर ऐकले नाही ती आणि ज्यांना जन्मभर त्याचेच ऐकावे लागले ती, अशी सारीच मंडळी त्या घटकेला निमूटपणे ऐकून घेतात. कारण प्रत्येकाचे चित्त मिळकतीच्या तपशिलाकडे लागलेले असते. भाऊबंदकीपायी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारी घराणी ज्या प्रांतात गावोगाव आढळतात, त्या प्रांतातील वाचकाला या प्रसंगातील नाट्य उलगडून सांगण्याची गरज नाही. ‘ओपेथ’ या स्वीडनमधील बँडने २२ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध केलेला ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ हा आल्बम याच प्रसंगावर उभा आहे. आणि मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आपल्याकडील रसिकवर्गाने बहुधा कानांवर हात ठेवूनच ज्याची संभावना केली आहे अशा त्या संगीतप्रकारात, इतक्या काटेकोर नाट्यबुद्धीने रचलेली कृती मला क्वचितच आढळली आहे.

ओपेथचा जन्म १९९० साली स्टॉकहोममध्ये झाला. विल्बर स्मिथ या लेखकाच्या एका कादंबरीतील काल्पनिक नगरीवरून हे नाव उचललेले आहे. संस्थापक लवकरच बाहेर पडला आणि सारी सूत्रे मिकाएल ओकरफेल्ट या, तेव्हा वयाची विशीही न गाठलेल्या, गिटारवादकाकडे आली. ती आजतागायत त्याच्याच हाती आहेत. १९९५ च्या ‘ऑर्किड’पासून मोजल्यास प्रस्तुत आल्बम चौदावा. या मंडळींचे वैशिष्ट्य प्रथमपासून असे की, अत्यंत कर्कश आणि अत्यंत कोमल या दोन टोकांना त्यांनी वेगवेगळ्या गाण्यांत न ठेवता एकाच रचनेत शेजारी बसविले. विद्युत्‌गिटारींचा कल्लोळ चाललेला असावा आणि एका मात्रेच्या अवकाशात तो विरून साध्या लाकडी गिटारीवर एखादी लोकधून उमटावी, हा त्यांचा हातखंडा. १९९६ मधील त्यांची एक रचना वीस मिनिटांहून अधिक काळ चालते, आणि एवढ्या वेळात प्रारंभीची धून क्वचितच पुन्हा भेटते. ओकरफेल्ट हा जुन्या ध्वनिमुद्रिकांचा हावरा संग्राहक आहे. १९७० च्या सुमाराचे ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक त्याच्या रक्तात इतके भिनले आहे की, मेटलच्या क्षेत्रात राहूनही त्याचे अर्धे चित्त नेहमी त्या कालखंडातच नांदत असते.

आता आल्बमचे कथानक. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एक धनाढ्य, करारी आणि सनातनी वृत्तीचा कुटुंबप्रमुख निवर्तला आहे आणि त्याच्या वाड्यात त्याचे मृत्युपत्र वाचले जात आहे. समोर त्याची जुळी अपत्ये आहेत. आणि त्यांच्याबरोबरच, त्यांना मुळीच न रुचणारी, पोलिओने पंगू झालेली एक मुलगी आहे, जिला या घराने अनाथ म्हणून वाढविले. ही येथे का, हा प्रश्न जुळ्यांच्या मनात आहे आणि त्याचे उत्तर कलमागणिक बाहेर पडते. जुळी अपत्ये त्या गृहस्थाच्या रक्ताची नाहीत. घरातील मोलकरणीच्या पोटची ती पंगू मुलगी मात्र आपली आहे, असा त्याचा कबुलीजबाब आहे. आणि म्हणून समाजाने औरस मानलेल्यांना बेदखल करून तो सारी मिळकत तिच्या नावे करतो. वारसाहक्काविषयीच्या मिताक्षरा आणि दायभाग यांच्या वादांत ज्यांचे आयुष्य गेले अशा आपल्या जुन्या शास्त्र्यांना या कथेत रस घेण्याजोगे पुष्कळ सापडले असते. गाण्यांना नावेसुद्धा दिलेली नाहीत: कायद्याच्या कागदपत्रांत कलमांपूर्वी जे चिन्ह घालतात ते आणि पुढे आकडा, एक ते सात. आठवे गाणे तेवढे नाव धारण करून येते, कारण ते मृत्युपत्राचा भाग नव्हे, त्याविषयी पुढे.

परंतु आल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वीच, म्हणजे पहिले कलम ऑगस्टमध्ये कानी पडताच, चाहत्यांच्या जगात जो जल्लोष उसळला तो या कथानकासाठी नव्हता. तो होता ओकरफेल्टच्या गळ्यातून निघालेल्या एका गुरगुराटासाठी. या क्षेत्रात त्याला ग्रोल म्हणतात. २००८ च्या ‘वॉटरशेड’पर्यंत तो ओपेथच्या गायनाचा अविभाज्य भाग होता, २०११ मध्ये ‘हेरिटेज’ आला आणि त्यात तो औषधालाही नव्हता. त्यानंतरचे ‘पेल कम्युनियन’, ‘सॉर्सरेस’ आणि २०१९ चा ‘इन काउडा व्हेनेनम’ हे तीनही आल्बम स्वच्छ, सुरेल आवाजातच गायिलेले. चार आल्बम आणि सोळा वर्षे! एवढ्या काळात एका पिढीने या प्रकाराला विश्वासघात ठरवून ओपेथकडे पाठ फिरविली, दुसरी पिढी प्रत्येक नव्या आल्बमच्या वेळी ‘या खेपेस तरी?’ असा अर्ज घेऊन दारात उभी राहू लागली, आणि मैफलींतून ओकरफेल्ट जुनी गाणी जुन्याच आवाजात गात असल्यामुळे या अर्जदारांची आशा पूर्णतः मावळलीही नाही.

मला प्रश्न पडतो तो असा की, हा अर्ज कोणत्या हक्काने केला जातो. श्रोत्याने एखाद्या कलावंतावर वयाच्या अठराव्या वर्षी जीव लावला, की त्या कलावंताची तेव्हाची तऱ्हा ही आपली वडिलोपार्जित मिळकत आहे आणि तिची विल्हेवाट आपल्या संमतीशिवाय लावता येणार नाही, अशी त्याची समजूत होऊन बसते. कलावंताने पुढे काही निराळे केले की तो उधळेपणा. मागे वळून पाहिले की ती सुबुद्धी. या समजुतीत प्रेम आहे यात संशय नाही, आणि प्रेमावाचून कोणतीही कला दोन दिवस जगणार नाही. पण प्रेमाने हक्क उत्पन्न होत असता तर बालगंधर्वांच्या नाटकांना जमणाऱ्या आणि ‘वन्स मोअर’च्या गजराने नाटकाचे कथानक मध्यरात्रीच्या पलीकडे ढकलणाऱ्या प्रेक्षकांना नाटककारापेक्षा वरचढ मानावे लागले असते. त्या प्रेक्षकांनी मराठी रंगभूमीला पुष्कळ दिले, आणि तिचे पुष्कळ नुकसानही केले. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत.

दुसरीकडे, या जल्लोषाला नाक मुरडणाराही एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे की, वय पन्नाशीला टेकल्यावर ओकरफेल्टने बाजारापुढे हत्यार टाकले, प्रयोगाची वाट सोडली आणि गिऱ्हाइकाला हवा तो माल पुन्हा दुकानात मांडला. हा आरोप वरवर पाहता सुज्ञ वाटतो. तथापि तो करणाऱ्यांनी आल्बम ऐकला आहे की केवळ त्याची वार्ता, याविषयी मला शंका आहे. कारण त्या गुरगुराटाची वाटणी ओकरफेल्टने ज्या हिशेबाने केली आहे तो हिशेब ध्यानात घेतला की दोन्ही पक्षांचे म्हणणे सारखेच निकालात निघते.

हिशेब असा. ज्या ठिकाणी मृत्युपत्राचा कर्ता, म्हणजे तो मेलेला बाप, स्वतःच्या तोंडाने बोलतो, हुकूम सोडतो, दोष देतो, बेदखल करतो, तेथे बहुतांशी ग्रोल आहे; जेथे कथा खालच्या सुरात येते, ऐकणाऱ्यांच्या मनातील कालवाकालव व्यक्त होते, तेथे ओकरफेल्टचा नैसर्गिक, किंचित खिन्न असा मध्य सप्तकातील आवाज आहे. यांखेरीज तिसरा एक आवाज आहे तो केवळ बोलण्याचा: ‘जेथ्रो टल’ या बँडचे इयन अँडरसन यांनी काही कलमांत गद्य निवेदन केले आहे, आणि ब्रिटिश रंगभूमीवरील एखाद्या ज्येष्ठ नटाप्रमाणे शब्द चघळीत, प्रत्येक व्यंजनाला त्याचा मानपान देत, ते बोलतात. त्यांची बासरीही चौथ्या आणि सातव्या कलमात ऐकू येते. पहिल्या कलमात अधूनमधून उमटणारा अशरीर स्वर ओकरफेल्टच्या धाकट्या कन्येचा आहे. म्हणजे एकाच वाड्यात चार ठिकाणांहून चार आवाज येत आहेत, आणि त्यांपैकी जो माणूस तेथे देहाने उपस्थित नाही त्याचाच आवाज सर्वांत अवजड आहे. आल्बमांपुरता सोळा वर्षे बाजूला ठेवलेला गळा ओकरफेल्टने पुन्हा उपयोगात आणला तो एका पात्रासाठी. त्या पात्राला दुसरा कोणताही आवाज शोभला नसता.

पहिल्या कलमाचेच उदाहरण घेऊ. प्रारंभ बास गिटार आणि ड्रम यांच्या एका अडखळत्या, सावध चालीने होतो; बास गिटार मार्टिन मेंडेझ याची, जो मूळचा उरुग्वेचा आणि या बँडमध्ये १९९७ पासून आहे. त्या चालीवर ओकरफेल्ट हलक्या आवाजात गाऊ लागतो, मंडळी जमत आहेत अशी कल्पना श्रोत्याने करावी इतपत अवकाश मिळतो, आणि मग गिटारी एकवटून तो पहिला गुरगुराट येतो. तो किंचाळी म्हणून येत नाही, येथेच रचनाकाराची जाण दिसते. खोलीतील सर्वांत जड लाकडी खुर्ची सरकावी तसा तो सावकाश, आपल्या अधिकाराची पूर्ण खात्री असलेला येतो. श्रोत्याला शब्द प्रथम कळत नाहीत. कळू नयेतच. मृत्युपत्र पहिल्यांदा वाचले जाते तेव्हा कोणाला ते धड कळते? कानांवर पडतो तो केवळ सूर, आणि सुरावरून प्रत्येक वारस आपापले भवितव्य ताडून पाहत असतो.

या आवाजाविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत त्यांचीही थोडी झाडाझडती घेतली पाहिजे. सर्वसाधारण समजूत अशी की, हा म्हणजे संतापाने बेभान झालेल्या माणसाचा आरडाओरडा, आणि तो करण्यास कसलीच विद्या लागत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. मनुष्याच्या कंठात ज्या स्वरतंतूंच्या कंपनाने आपण बोलतो व गातो, त्यांच्या किंचित वर पडद्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात आणि एरवी ते स्वस्थ असतात. ग्रोल करणारा गायक श्वासाचा दाब आणि कंठाचा आकार यांचे नियमन करून या दुसऱ्या जोडीला कंपित करतो; त्यांचे कंपन मंद आणि अनियमित असल्यामुळे स्वराची उंची झाकोळते, परंतु लय, आघात आणि स्वरवर्णांचे आकार शाबूत राहतात. मंगोलिया आणि तुवा या प्रदेशांतील गुराखी ज्या खर्ज कंठगायनासाठी प्रसिद्ध आहेत त्यातही याच मिथ्या तंतूंना कामाला लावले जाते, मात्र तेथे कंपन नियमित ठेवून स्वर राखला जातो. जाणकार गायकाचा ग्रोल प्रत्यक्षात पुष्कळच हलका असतो. मायक्रोफोन ओठांना लागून धरलेला असतो आणि बाकीचे काम विजेवर सोपविलेले असते. जे खरोखरच ओरडतात त्यांचे गळे काही वर्षांतच निकामी होतात; ओकरफेल्ट तीन तपांच्या घरात आला आहे.

आता ज्यात स्वराची उंचीच झाकोळली आहे त्याला गायन म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि षड्‌जाच्या उपासनेत वाढलेल्या आपल्या कानांनी तो घेणे स्वाभाविकही आहे. माझे उत्तर असे की, त्याला गायनाच्या कसोटीवर घासण्याचे कारणच नाही. तो वाचिक अभिनयाचा एक प्रकार आहे. कोकणातील दशावतारात संकासुर रंगभूमीवर येतो तेव्हा त्याने शुद्ध सारंग आळवावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. विकट पात्राची वाणी विकट असावी, इतका विवेक आपल्या खेडुतालाही आहे. मग शहरातील संगीतज्ञाने तो का गमवावा? अर्थात या न्यायाचे एक दुसरे टोक आहे आणि ते मेटलच्या भक्तांना रुचणार नाही. ग्रोल जर अभिनय असेल तर त्याला पात्र हवे, प्रसंग हवा. सर्वकाळ, प्रत्येक गाण्यात, कोण बोलत आहे आणि कशासाठी याचा पत्ता नसताना केलेला ग्रोल हा निव्वळ गणवेश होतो. या प्रकारातील कितीतरी बँड या गणवेशातच जन्मतात आणि त्यातच निवृत्त होतात. ओपेथच्या पूर्वीच्या आल्बमांपैकी १९९९ चा ‘स्टिल लाइफ’ कथाबद्ध होता आणि म्हणून तेथे या आवाजाला काही आधार होता. इतरत्र तो पुष्कळदा सवयीचा भाग होता असे, त्या काळच्या भक्तांची क्षमा मागून, म्हणावेसे वाटते. २००३ चा ‘डॅम्नेशन’ हा संपूर्ण मृदू आल्बम त्याच वेळी सांगत होता की, या माणसाला तो आवाज अपरिहार्य नाही.

कलावंताच्या गतकालावर श्रोत्यांनी हक्क सांगण्याच्या या प्रकाराचा दाखला आपल्या इतिहासात शोधू गेल्यास कुमार गंधर्वांचे नाव प्रथम आठवते. बालवयातच थोर गवयांच्या गायकीची हुबेहूब प्रतिकृती सादर करून ज्यांनी सभा जिंकल्या, ते कुमारजी क्षयाच्या आजाराने देवासला अंथरुणाला खिळले, काही वर्षे गाणे बंद राहिले, आणि ते पुन्हा बसले तेव्हा एका फुप्फुसाच्या बळावर, लहान लहान स्वरवाक्यांनी, माळव्याच्या लोकधुना आत्मसात करून, एक अगदीच निराळे गाणे घेऊन. कित्येक जाणत्यांनी तक्रार केली की, हे आमचे कुमार नव्हेत. ‘आमचे’ या शब्दात सगळी फिर्याद आली. कुमारजींनी ती खारीज केली आणि काळानेही पुढे त्यांच्याच बाजूने निकाल दिला. ओकरफेल्टची गोष्ट निराळी आहे हे मी जाणतो: त्याच्या देहाने त्याला अडविले नव्हते, जुना गळा शाबूत होता आणि तो कपाटात ठेवण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. तरीही दोन्ही ठिकाणी मुद्दा तोच की, कोणता आवाज केव्हा लावायचा याची मुखत्यारी श्रोत्यांनी कधीही घेतलेली नसते. ती आपल्याकडे आहे अशी फक्त त्यांची समजूत असते.

संगीताच्या अंगाने पाहता या आल्बमात ज्याचे नवल वाटावे तो मनुष्य म्हणजे नवा ड्रमवादक वाल्टेरी वायरुनेन. हा फिनलंडचा तरुण २०२२ मध्ये दाखल झाला आणि ओपेथबरोबर त्याचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण. त्याच्या हातांना वेग आहे, पण वेग पुष्कळांना असतो. याला थांबता येते. गिटारींनी विषम मात्रांचे एखादे अवघड चक्र धरले असता तो त्यांच्यावर कुरघोडी न करता मधल्या रिकाम्या जागा वाजवितो, आणि त्यामुळे पूर्वी जेथे ओपेथचे संगीत भिंतीसारखे भासे तेथे आता खिडक्या दिसतात. तंतुवाद्यांची योजना डेव्ह स्टुअर्ट या जुन्या ब्रिटिश संगीतकाराच्या साहाय्याने झाली आहे, आणि ती भरजरी नसून बोचरी आहे. विशेषतः पाचव्या कलमात ही वाद्ये गिटारींच्या मागे उभी न राहता त्यांच्याशी तंटा करतात. फ्रेड्रिक ओकेसनची गिटार आणि योआकिम स्वालबर्गची कळवाद्ये आपापल्या ठिकाणी चोख आहेत. ध्वनिमुद्रण वेल्समधील रॉकफील्ड या स्टुडिओत झाले, जो मुळात एका शेतवाडीत उभा राहिला आणि जेथे ‘क्वीन’ या बँडने १९७५ मध्ये आपल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचा काही भाग मुद्रित केला होता. जुन्या तबकड्यांच्या प्रेमात असलेल्या ओकरफेल्टला अशी जागा न भावती तरच आश्चर्य.

मात्र स्तुतीच्या भरात दोषांवर पांघरूण घालणे बरे नव्हे. पहिला दोष दाटीवाटीचा. ज्याने एकेकाळी एका गाण्यासाठी वीस मिनिटे खर्ची घातली तो आता सुमारे पन्नास मिनिटांत सात कलमे, एक पत्र आणि एक संपूर्ण कुटुंबकलह बसवू पाहतो, आणि परिणामी काही ठिकाणी एखादी सुंदर धून कानांत स्थिरावण्याच्या आत तिची रवानगी होते. कथेतील गौप्यस्फोटांची गती आणि संगीतातील वळणांची गती या दोन वेगळ्या वस्तू आहेत; दोन्ही एकदम वाढविल्या की श्रोता कथेलाही मुकतो आणि संगीतालाही. दुसरा दोष भाषेचा. ओकरफेल्टची मातृभाषा स्वीडिश. ‘इन काउडा व्हेनेनम’ त्याने प्रथम त्याच भाषेत लिहिला होता आणि इंग्रजी आवृत्ती तिच्या जोडीने आली. या वेळी विषय कायदेशीर असल्यामुळे त्याने जुन्या घाटाची, कोर्टकचेरीची इंग्रजी वापरली आहे, आणि मृत गृहस्थाच्या तोंडी ती शोभत असली तरी जेथे मुलांची व्यथा यावयास हवी तेथेही तीच पोशाखी भाषा येते, तेव्हा मनुष्य बोलत आहे की मुनीम, असा संभ्रम पडतो. आणि हातात गीतांचा कागद नसेल तर ही कथा कोणालाही उमगणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. जुनी संगीत नाटकेसुद्धा पदांची पुस्तिका विकत घेऊनच ऐकली जात, असे समर्थन कोणी केल्यास मी ते अर्धवट स्वीकारीन.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध काय, अशी विचारणा होणे साहजिक आहे. ओपेथ २०१९ मध्ये पुण्याच्या ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सवात वाजवून गेले आहेत, आणि ज्या शहरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या प्रत्येक बैठकीचा वृत्तांत छापून येतो तेथे हजारो तरुणांच्या त्या समुदायाची दखल घेण्याइतकी जागा मराठी समीक्षेला क्वचितच सापडते. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने या संगीताचे दोन पिढ्यांचे श्रोते घडविले. इतकेच नव्हे, तर ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मुंबईच्या बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ या नावाचा आल्बम काढला, ज्यात मत्स्य, कूर्म, वराह अशा क्रमाने एकेका अवताराला एकेक गाणे दिलेले आहे आणि हाच ग्रोल विष्णूच्या कथेसाठी योजलेला आहे. त्या आल्बमविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. प्रत्येक अवताराला तोच आवाज, तोच वेग आणि तोच आवेश मिळाल्यामुळे नृसिंह आणि वामन यांत फरक उरत नाही, आणि वामनाला गर्जना लावणे म्हणजे त्या कथेतील मर्मच घालविणे होय. परंतु प्रतिकूल मतही ऐकूनच द्यावे लागते, आणि आपल्या वृत्तपत्रांतील संगीताच्या पानांवर ते दिले गेले असते तर त्या मुलांना पुढच्या खेपेस काही उपयोग झाला असता. गंमत अशी की, पौराणिक विषयाचे भांडवल हाती असूनही मुंबईकरांना जे साधले नाही, ते एका स्वीडिश माणसाला एका खाजगी कुटुंबाच्या कागदपत्रांतून साधले. कारण त्याने प्रथम पात्रे नक्की केली आणि मग गळे वाटले.

उरले आठवे गाणे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. सात कलमांचे वाचन संपले, जुळी अपत्ये बाहेर पडली, पंगू मुलगी वाड्याची धनीण झाली, आणि मग तिच्या हाती तिच्या आईचे एक पत्र येते: तो गृहस्थ तिचाही बाप नव्हता. रक्ताच्या नात्यावर ज्याने साऱ्या मिळकतीची वाटणी केली त्याच्या दस्तऐवजाचा पायाच खोटा होता, आणि तो दस्तऐवज तर आता कायम झाला! या गाण्यात ग्रोल नाही. ज्याच्याकडे तो आवाज होता तो माणूस बोलून संपला आहे, आणि ही हकीकत त्याला कधीच ठाऊक नव्हती. ‘ओकरफेल्टने जुना आवाज बाजारासाठी परत आणला’ या आरोपाला याहून नेमके उत्तर देता येणार नाही: बाजाराला शरण गेलेला मनुष्य आल्बमच्या शेवटी, जेथे गिऱ्हाइकाला सर्वांत मोठा गजर हवा असतो तेथे, हत्यार म्यान करीत नाही. गाणे संथ आहे, सुरेल आहे, ओकेसनच्या गिटारीचा लांबलचक आलाप त्याच्या अखेरीस आहे. आणि माझ्या मते ते जरा अधिकच गोड झाले आहे, कारण एवढा मोठा उपहास दैवाने मांडला असताना संगीताने इतके समजूतदार व्हावे हे मला पटत नाही. त्या मुलीच्या मनात त्या क्षणी सांत्वनाइतकेच भयही असणार. म्हणून ज्यांना हा आल्बम ऐकावयाचा असेल त्यांना माझी सूचना अशी की, गीतांचा कागद हाती घेऊन सात कलमे एका बैठकीत ऐकावीत आणि तेथे थांबावे. पत्र हा स्वतंत्र दस्तऐवज आहे, तो दुसऱ्या दिवशी उघडावा. तेव्हा त्याचा गोडवा थोडा कमी लागतो आणि मजकूर अधिक.